‘फ्री’ सीटची खरी किंमत

शुक्रवारची संध्याकाळ, डोक्यावर डेडलाइन आणि नारायणगावजवळच्या गावातून मामांचा फोन. “पोरीचा पुण्यात इंजिनीअरिंगला नंबर लागला! फी माफ आहे बरं का. आता खर्चच नाय काही. तू फक्त एकदा कागद बघून घे.”

असा फोन तुम्हालाही येतोच ना? तुम्ही हिंजवडीत कोडिंग करत असा नाहीतर बाणेरला एचआरमध्ये असा, गावाकडच्यांसाठी तुम्ही ‘शहरात राहणारे, कागद कळणारे’ असता. आणि खरं सांगू? आपल्यालाही तो कागद धड कळत नाही.

शनिवारी वाकडेवाडीवरून एसटी पकडली. (मार्च २०२३ पासून आम्हा बायकांना अर्धं तिकीट. कुठेतरी तरी खरी सवलत!) दुपारी मामांच्या ओट्यावर फाइल उघडली. समोर मामेबहीण, हातात पेन, चेहऱ्यावर ‘ताई, आता काही मोडता घालू नको’ असा भाव.

मोडता नव्हता, पण हिशोब होता. जुलै २०२४ च्या सरकारी निर्णयानुसार ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या मुलींना व्यावसायिक कोर्ससाठी शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. निर्णय चांगलाच. पण शब्द नीट वाचा : शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क. त्यात हॉस्टेल नाही, मेस नाही, लॅपटॉप नाही. शिवाय प्रवेश ‘कॅप राउंड’मधूनच हवा. मॅनेजमेंट कोटा आणि खासगी अभिमत विद्यापीठं यातून बाहेर.

मग आम्ही वहीवर आकडे मांडले. कॉलेजच्या कागदावर ट्यूशन फी ९०,०००. ती माफ. खाली बारीक अक्षरात डेव्हलपमेंट फी ९,०००. हॉस्टेल ५५,०००. मेस महिना ३,८००, दहा महिन्यांचे ३८,०००. पुस्तकं, ड्रॉइंगचं सामान, झेरॉक्स ८,०००. येणं-जाणं, मोबाइल, आजारपण, वरखर्च १५,०००. झाले सव्वा लाख. त्यात पहिल्या वर्षी लॅपटॉप ४५,०००.

“एक लाख सत्तर हजार,” बहिणीने बेरीज वाचली. मामा गप्प. माफ झाले नव्वद हजार, आणि ‘खर्चच नाय’ म्हणता म्हणता खिशातून जाणार जवळपास दुप्पट.

नाणेघाट आमच्याच जुन्नर तालुक्यातला. दोन हजार वर्षांपूर्वी सातवाहनांनी कोणत्या यज्ञात किती गाई आणि किती कार्षापण दिले, ते तिथल्या लेण्याच्या भिंतीवर आकड्यांनिशी कोरलंय. आणि आपल्या कॉलेजच्या कागदावर? ‘इतर शुल्क नियमानुसार’!

अर्थात हा घोळ फक्त आपल्याकडचा नाही. अमेरिकेत ‘कॉस्ट ऑफ अटेंडन्स’ हा आकडा असतो. फीबरोबर राहणं, जेवण, पुस्तकं, प्रवास सगळं धरून. तरीही तिथल्या सरकारी लेखापरीक्षण यंत्रणेने २०२२ मध्ये पाहणी केली, तेव्हा ९१ टक्के कॉलेजं मदतीच्या पत्रात विद्यार्थ्याला प्रत्यक्ष पडणारा खर्च एकतर देत नव्हती किंवा कमी दाखवत होती. तिथे तर कर्जही ‘मदती’च्या यादीत बसतं.

मामांच्या डोक्यात नेमकं तेच होतं. “बँकेतला साहेब म्हणला, विद्यालक्ष्मी सरकारचीच योजना आहे.” आहे ना! नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने मंजूर केलेल्या पीएम-विद्यालक्ष्मीत ठरावीक दर्जेदार संस्थांसाठी विनातारण कर्ज मिळतं. ८ लाखांपर्यंत उत्पन्न असेल तर १० लाखांपर्यंतच्या कर्जावर, शिक्षण आणि त्यानंतरच्या सवलतीच्या काळात, व्याजात ३ टक्के सूटही मिळते. पण मामा, ते कर्जच. सूट व्याजात आहे, मुद्दलात नाही. आणि आधी आपलं कॉलेज त्या यादीत आहे का ते बघा.

आता दुसरी बाजू. राहण्या-खाण्यासाठीही योजना आहेत, फक्त त्यांची जाहिरात कमी. अनुसूचित जातींसाठी स्वाधार, जमातींसाठी स्वयं, ओबीसी आणि भटक्या-विमुक्तांसाठी सावित्रीबाई फुले आधार. स्वाधारमध्ये पुण्यासारख्या शहरात वर्षाला ६०,००० मिळतात : भोजन ३२,०००, निवास २०,०००, निर्वाह ८,०००. म्हणजे महिन्याला पाच हजार. मराठा आणि खुल्या प्रवर्गातल्यांसाठी पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. प्रत्येकीच्या अटी निराळ्या, त्यामुळे फीमाफीची ८ लाखांची मर्यादा सगळीकडे चालेल असं धरू नका. शिवाय पुण्यात विद्यार्थी साहाय्यक समिती १९५५ पासून खेड्यातल्या मुलामुलींच्या राहण्या-जेवणाची सोय बघतेय. तिथेही वेळेत अर्ज करायला हवा.

वेळेत! हा शब्द मला आजही टोचतो. मास कॉम करताना माझी स्कॉलरशिप ‘मंजूर’ होती. पैसे आले तेव्हा शेवटची सेमिस्टर संपत आली होती. मधल्या काळात पप्पांनी व्यापाऱ्याकडून उचल घेतली आणि त्या सीझनचा टोमॅटो तो म्हणेल त्या भावात त्यालाच घातला. स्कॉलरशिप मिळाली, पण भावातला फरक कुणी भरून दिला नाही. मंजूर झालेले पैसे आणि हातात आलेले पैसे यांच्यामध्ये एक अख्खा हंगाम असतो.

म्हणून आम्ही वहीत चार रकाने आखले. माफ काय? नंतर मिळणार काय? कर्ज किती? आणि आपल्या खिशातून किती, कोणत्या महिन्यात? तुमच्या घरून फोन आला तर हेच करा. आणि सही करण्याआधी एवढं बघा :

* फीची विगत लेखी घ्या. माफ होणारी फी प्रवेशाच्या वेळी मागू नये, असं सरकारने कॉलेजांना सांगितलंय.
* उत्पन्नाचा आणि जातीचा दाखला, नॉन-क्रीमी लेअर निकालाआधीच काढून ठेवा.
* महाडीबीटीचे पैसे आधार जोडलेल्या बँक खात्यातच येतात. खातं चालू आहे ना?
* अर्ज दरवर्षी नव्याने भरावा लागतो. एक तारीख चुकली की वर्ष गेलं.
* नंतर मिळणारे पैसे यंदाच्या खर्चात धरू नका.

संध्याकाळी हिशोब पुन्हा मांडला. लॅपटॉप माझा जुना. हॉस्टेलसाठी समितीकडे अर्ज, आधारचा अर्ज वेगळा. तो मंजूर झाला तर दिवाळीनंतरचा आधार, नाही झाला तर नाही असं धरून. पहिल्या चार महिन्यांसाठी बराखीतला कांदा.

“म्हणजे फुकट नाय,” मामा म्हणाले.

“नाही मामा. पण जमण्यासारखं आहे.”

बहिणीने पेन माझ्या हातातून घेतलं आणि चौथ्या रकान्यावर स्वतःचं नाव लिहिलं. “हा रकाना माझा, ताई. दर महिन्याला मीच भरणार.”