घाट उतरताना जन्मणारी वीज

लोणावळ्याहून कर्जतकडे निघालेली गाडी २८ किलोमीटरांत पाचशे मीटरहून अधिक खाली उतरते. १८६३ साली खुल्या झालेल्या या बोरघाटात चढ इतका तीव्र आहे, की ठिकठिकाणी ३७ मीटर पुढे जाताना रूळ एक मीटर उंची गाठतो. शाळेतल्या पदार्थविज्ञानाचं सूत्र वापरून एक हिशेब करू. गाडीचं वजन १,००० टन आणि उतार ५०० मीटर धरला, तर उतरताना सुमारे १,३६० युनिट ऊर्जा मोकळी होते. डिझेल इंजिन एका लिटरमधून जेमतेम चार युनिटांचं काम काढतं. म्हणजे एकाच गाडीच्या एकाच उताराची किंमत साधारण ३४० लिटर डिझेलइतकी. चाकांचं घर्षण आणि वाऱ्याचा विरोध वजा केला तरी उरते ती ऊर्जा थोडीथोडकी नाही.

ती जाते कुठे, या प्रश्नात रेल्वेच्या इंधनबचतीचं मर्म आहे. एकतर ब्रेक घासून तिची चाकांत उष्णता होते, नाहीतर इंजिनाच्या रोधकांतून हवेत उधळली जाते, किंवा पकडून पुन्हा कामाला लावली जाते. हायब्रिड इंजिनाचा सारा खटाटोप या तिसऱ्या वाटेसाठी आहे.

डिझेल इंजिनाच्या पोटातली वीज

डिझेल इंजिन चाकं थेट फिरवतं, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात आपल्या मुख्य मार्गांवरच्या डिझेल गाड्यांत इंजिन अल्टरनेटर फिरवतं, त्यातून वीज तयार होते आणि ती वीज धुऱ्यांवरच्या ट्रॅक्शन मोटर चालवते. वेग कमी करायचा असेल तेव्हा याच मोटरी जनित्र बनतात. चाकांचा वेग त्यांना फिरवतो, वीज निर्माण होते आणि गाडी मंदावते. याला डायनॅमिक ब्रेक म्हणतात. अडचण पुढे येते. त्या विजेला जायला जागाच नसते, म्हणून रोधकांच्या जाळ्यात तिची उष्णता होते आणि ती पंख्यांनी बाहेर फेकली जाते.

हायब्रिड इंजिनात याच ठिकाणी बॅटरी बसवतात. उतारावर आणि थांब्यांवर ती भरते, चढावर आणि गाडी सुटताना मदतीला येते. मोटरी, जनित्र आणि नियंत्रणाची बरीचशी यंत्रणा आधीच असल्यामुळे मोटारगाडीपेक्षा रेल्वेत हा बदल अधिक स्वाभाविक ठरतो.

खेकड्याने दाखवलेली वाट

उताराची वीज पकडून वापरण्याची कल्पना आपल्या घाटाला नवी नाही. मुंबई-पुणे मार्गावर १९२९-३० मध्ये १,५०० व्होल्ट डीसी वीज आली आणि १ जून १९३० रोजी डेक्कन क्वीन सुरू झाली. मालगाड्यांसाठी ग्रेट इंडियन पेनिन्सुला (जीआयपी) रेल्वेने स्वित्झर्लंडच्या विंटरथूरमधल्या कारखान्याच्या आराखड्याची, लांब नाकाडांची ४१ इंजिनं घेतली. पुढे ती डब्ल्यूसीजी-१ म्हणून ओळखली गेली. चालवणारी माणसं मात्र त्यांना खेकडा म्हणत. घाट उतरताना या इंजिनांत तयार झालेली वीज परत तारेत जाई आणि त्याच वेळी घाट चढणाऱ्या दुसऱ्या गाडीच्या कामी येई.

डीसी पद्धतीची मर्यादा अशी, की परत आलेली वीज घ्यायला जवळपास दुसरी गाडी असावी लागते. खेकड्यांनंतर आलेल्या डब्ल्यूसीजी-२ इंजिनांत रोधकांचा ब्रेक होता. उताराची वीज पुन्हा सह्याद्रीच्या वाऱ्यात विरू लागली. २०१५ पर्यंत मुंबईसह सारा मार्ग २५,००० व्होल्ट एसीवर आला. डब्ल्यूएपी-७ आणि डब्ल्यूएजी-९ यांसारखी थ्री-फेज इंजिनं ब्रेकमधली वीज तारेत परत देतात आणि जवळ गाडी नसली तरी ती ग्रिडकडे जाऊ शकते. जिथे वर तार आहे, तिथे बॅटरीचं काम तार करते, तेही बॅटरीचं वजन न वाहता.

जगात काय घडलं

तार नसलेल्या लांब मार्गांवर मात्र बॅटरीच हवी. जनरल इलेक्ट्रिकने २००७ मध्ये अमेरिकेत हायब्रिड इंजिनाचा नमुना दाखवला. त्याच वर्षी जपानमधल्या कोउमी मार्गावर डिझेल-हायब्रिड प्रवासी डबे धावू लागले. जनरल इलेक्ट्रिकचा रेल्वे विभाग २०१९ मध्ये वॅबटेकमध्ये विलीन झाला. वॅबटेकने २०२१ मध्ये कॅलिफोर्नियात बार्स्टो ते स्टॉकटन मार्गावर डिझेल इंजिनांच्या जोडीला २.४ मेगावॉट-तास क्षमतेचं बॅटरी इंजिन जोडून पाहिलं. संपूर्ण गाडीचं इंधन ११ टक्क्यांनी कमी लागलं. २.४ मेगावॉट-तास म्हणजे २,४०० युनिट. आपल्या घाटातल्या हिशेबाची सगळी ऊर्जा मावून वर जागा उरेल, एवढी ही बॅटरी.

जनरल इलेक्ट्रिकचं नाव आपल्या चिंचवड-चाकणच्या औद्योगिक पट्ट्याला अनोळखी नाही. तिचा चाकणचा कारखाना १४ फेब्रुवारी २०१५ रोजी सुरू झाला. विमानं, वीजनिर्मिती आणि रेल्वे अशा वेगवेगळ्या क्षेत्रांचे भाग एकाच छताखाली घडवायचे, ही त्यामागची कल्पना होती.

उभ्या इंजिनाची तहान

इंधन फक्त धावताना जळत नाही. सिग्नलला किंवा यार्डात उभं असलेलं मोठं डिझेल इंजिन बंद न करता सुरू ठेवलं, तर तासाला सुमारे २५ लिटर डिझेल पितं. भारतीय रेल्वेने काही इंजिनांत २५ अश्वशक्तीचं छोटं सहायक इंजिन बसवलं. थांबा लांबला, की मुख्य इंजिन बंद होतं आणि छोटं इंजिन बॅटरी व ब्रेकची हवा राखतं. त्याचा खर्च तासाला सुमारे ३ लिटर. एलएचबी प्रकारच्या डब्यांच्या गाड्यांच्या टोकांना डिझेल जनरेटरच्या पॉवर कार असत. आता डब्यांतले दिवे आणि वातानुकूलन यांची वीज बऱ्याच गाड्यांत इंजिनामार्फत थेट तारेतून घेतली जाते. अशा बदलांचा गाजावाजा होत नाही, पण वर्षभरात वाचणारं डिझेल प्रचंड असतं.

हायब्रिडची खरी जागा

देशातला ब्रॉडगेज मार्ग जवळपास संपूर्ण विजेवर आला असताना आपल्याला हायब्रिड कशाला, असा प्रश्न रास्त आहे. उत्तर मालधक्क्यावर आणि साइडिंगमध्ये सापडतं. जिथे क्रेन वरून कंटेनर उचलते, तिथे २५,००० व्होल्टची तार टाकता येत नाही. तिथे डबे हलवायला डिझेल इंजिन लागतं, आणि शंटिंगचं काम म्हणजे सुटणं, थांबणं आणि वाट पाहणं. हायब्रिडला सर्वांत अनुकूल काम हेच. जपानच्या मालवाहतूक कंपनीच्या एचडी३०० या हायब्रिड शंटिंग इंजिनाने जुन्या डिझेल इंजिनाच्या तुलनेत एक तृतीयांशाहून अधिक इंधन वाचवलं. आपल्याकडे जबलपूरला २०२० मध्ये ‘नवदूत’ तयार झालं. तार असेल तिथे तारेवर आणि नसेल तिथे बॅटरीवर ते शंटिंग करतं. वाराणसीच्या कारखान्याने डब्ल्यूडीएपी-५ हे डिझेल आणि तार अशा दोन्हींवर चालणारं मोठं इंजिनही बनवलं आहे.

पिंपरी-चिंचवडमधल्या थेरगावकराला हा विषय दूरचा वाटू नये. गावात रेल्वे स्थानक नाही, पण पवनेपलीकडच्या चिंचवडच्या मालधक्क्यावरून मोटारगाड्या रेल्वेने देशभर रवाना होतात. पोलादी चाक पोलादी रुळावर रबरी टायरपेक्षा कितीतरी कमी विरोधाने फिरतं. त्यामुळे तेवढाच माल रस्त्यापेक्षा कमी इंधनात जातो आणि रस्त्यावरचे ट्रेलरही कमी होतात. चाकणला मात्र आजही रेल्वे नाही. तिथे घडलेल्या गाडीला रूळ गाठायचा, तर आधी रस्ताच धरावा लागतो.

म्हणून या पट्ट्याने मागणी स्पष्ट करावी. चाकणपर्यंत मालवाहतुकीचा रूळ यावा. मुख्य मार्गावर वीज परत देणारी इंजिनं असावीत, विशेषतः घाटात. यार्डातलं शंटिंग डिझेलकडून बॅटरी आणि हायब्रिड इंजिनांकडे जावं. भारतीय रेल्वेने २०३० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचं लक्ष्य ठेवलं आहे. मोटरी, बॅटऱ्या आणि त्यांचं नियंत्रण घडवू शकणारे हात थेरगाव, चिंचवड, भोसरी आणि चाकण इथे आहेत. खेकड्याने जवळजवळ शंभर वर्षांपूर्वी बोरघाटात जे करून दाखवलं, ते यार्डातल्या शेवटच्या किलोमीटरपर्यंत नेण्याचं काम याच हातांकडे यायला हवं.