रताळ्याची धिरडी

वार्षिकांकासाठी माहितीपर लेख द्यावयाचा आहे आणि मी रताळ्याच्या धिरड्यांवर लिहिणार आहे, असे सांगितल्यावर आमच्या वर्गात बराच हशा पिकला. "हा लेख गृहअर्थशास्त्राच्या मुलींकडे सोपव," अशी सूचनाही आली. परंतु हा विषय मी गमतीने घेतलेला नाही. गेल्या वर्षीच्या महाशिवरात्रीला मी ही धिरडी बिघडवली, आणि ती का बिघडली हे नीट समजायला मला जवळजवळ वर्ष लागले. जे समजले ते येथे मांडतो.

महाशिवरात्र म्हणजे माघ वद्य चतुर्दशी. वऱ्हाडात त्या दिवशी सालबर्डीची यात्रा भरते, दर्यापूरकडची मंडळी लासूरच्या आनंदेश्वराला जातात, अकोल्यात राजराजेश्वराच्या देवळापुढे रांग लागते. आणि घरोघरी दोन वस्तू येतातच, कवठ आणि रताळी. आमचे गाव दर्यापूर आणि मूर्तिजापूर यांच्या मधले, म्हणजे खारपाणपट्ट्यातले. पूर्णेच्या खोऱ्यातला हा पट्टा अमरावती, अकोला आणि बुलडाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेला आहे. विहीर खणली तर पाणी लागते, पण खारे लागते. जमीन काळी आणि भारी. रताळ्याला हलकी, भुसभुशीत, पाणी झिरपून जाणारी जमीन हवी. चिकट काळ्या मातीत कंद नीट पोसत नाही, वाकडातिकडा होतो. त्यामुळे आमच्याकडे रताळी बाजारातूनच आणावी लागतात. मी अमरावतीला शिकायला आल्यापासून ही खरेदी माझ्याकडे आहे. इतवारा बाजारातून दोन किलो घ्यायची आणि पिशवी मांडीवर ठेवून एस.टी.ने गावी न्यायची.

माझी माय ही रताळी कधीच पाण्यात उकडत नाही. चुलीत पऱ्हाट्या पेटवते, त्यावर दोन-तीन गोवऱ्या ठेवते, आणि जाळ विझून सगळे राखेवर आले म्हणजे त्या फुफाट्यात रताळी पुरते. वर आणखी राख ओढते. तास, कधी दीड तास त्यांच्याकडे बघत नाही. "आगीतून निघून फुफाट्यात पडणे" ही म्हण आपण संकटासाठी वापरतो. ज्याने ती काढली त्याने रताळ्याचा विचार केलेला दिसत नाही.

गेल्या वर्षी शिवरात्रीला माय हरभरा सोंगायला गेली होती. सोंगणीचे दिवस असले की उपवास असो की काही असो, मजुरी बुडवता येत नाही. सकाळी चहा घेऊन निघाली ती दिवस मावळायला येणार होती आणि फराळ हेच तिचे दिवसभराचे जेवण होते. मी विचार केला, आज आपण सगळे तयार ठेवू. घरात गॅस आहे, कुकर आहे. चुलीची राख, तो दीड तास, हे सगळे मला अडाणीपणाचे वाटत असे. ते मी तिला पूर्वी बोलूनही दाखवले होते. रताळी कापली, कुकरात घातली, तीन शिट्ट्या दिल्या. वीस मिनिटांत काम झाले. मात्र लगदा पचपचीत झाला. धिरडे तव्यावर पसरले की तुटे. म्हणून भगरीचे पीठ वाढवले, मग धिरडे जाड आणि घट्ट झाले. चव अळणी, म्हणून गूळ वाढवला. गुळाने पाणी सुटले आणि धिरडी तव्याला चिकटून करपू लागली. शिवाय कुकरात विहिरीचे पाणी घातले होते, त्याची खारट चव गुळाच्या मागून जिभेवर येत होती.

माय आली, हातपाय धुतले, दिवा लावला आणि जेवायला बसली. दोन धिरडी खाल्ली. "बरे झाले," म्हणाली. पाणी पिऊन उठली. मला तिची भूक माहीत आहे. दिवसभर सोंगणी केलेले माणूस दोन धिरड्यांवर उठत नाही.

दुसऱ्या दिवशी पारण्याची भाकर करताना ती एवढेच बोलली, "कुकरात शिजोलं म्हणून तसं झालं बाप्पा. रताळ्याले घाई चालत नाही. ते गोड असत नाही, गोड होते."

हे शेवटचे वाक्य माझ्या डोक्यात राहिले. गोड असणे आणि गोड होणे यांत फरक काय, ते मी अमरावतीला आल्यावर विज्ञान शाखेच्या एका मित्राला विचारले आणि मग ग्रंथालयात बसून वाचले. माय म्हणाली ते अक्षरशः खरे आहे. कच्च्या रताळ्यात थोडी साखर असते, पण मोठा साठा पिष्टाचा, म्हणजे स्टार्चचा असतो. पिष्टाला गोडी नाही. मात्र त्याच कंदात बीटा-अमायलेज नावाचे एक विकर असते. कंद तापू लागला की पिष्ट फुगते, मऊ होते आणि हे विकर त्याचे तुकडे करून माल्टोज नावाची साखर बनवते. हे काम साधारण ६० ते ७५ अंश सेल्सिअसच्या दरम्यान जोरात चालते. त्याच्या फार वर उष्णता गेली की विकर स्वतःच निकामी होते आणि उरलेले पिष्ट पिष्टच राहते.

आता कुकरचे पाहू. कुकरातील वाफ १२० अंशांच्या आसपास पोहोचते. कापलेल्या फोडी काही मिनिटांतच तो ६० ते ७५ चा टप्पा ओलांडून जातात. विकराला काम करायला वेळच मिळत नाही. फुफाट्यात सबंध रताळे पुरले की राखेची ऊब सालीतून आत जायला वेळ लागतो. गाभा त्या टप्प्यात बराच वेळ रेंगाळतो आणि गोडी तयार होत राहते. दुसरी गोष्ट पाण्याची. राखेत भाजताना कंदातले पाणी सालीवाटे निघून जाते, गर कोरडा आणि दाट होतो. कुकरात उलट पाणी आत शिरते. म्हणजे माझी धिरडी तुटण्याचे कारण आणि ती गोड नसण्याचे कारण एकाच भांड्यात होते. आणि खारे पाणी तर फुफाट्यात लागतच नाही. आमच्या गावच्या बायकांनी ही रीत धरून ठेवली त्यात या खाऱ्या पाण्याचा मोठा हात असावा, असे माझे मत आहे. त्या पाण्यात तुरीची डाळसुद्धा शिजता शिजत नाही.

आता प्रत्यक्ष कृती. मायजवळ मापे नाहीत, तिचा हात हेच माप. मी तिच्याशेजारी वाटी घेऊन बसलो आणि जे लिहून घेतले ते असे. चार माणसांना अर्धा किलो रताळी, एक वाटी भगर आणि दोन चमचे साबुदाणा. भगर आणि साबुदाणा धुऊन तीन-चार तास भिजत घालावा, मग अगदी थोड्या पाण्यात वाटावा. भाजलेली रताळी सोलून गरम असतानाच कुस्करावी, कारण गार झाल्यावर गाठी राहतात. दोरे निघतात ते वेचून टाकावे. गर आणि वाटण एकत्र करून चिमूटभर मीठ घालावे, आणि गूळ शेवटी, चव पाहून. वेलदोडा असला तर ठीक, नसला तर त्यावाचून अडत नाही. पीठ भज्यांच्या पिठापेक्षा किंचित सैल हवे. गव्हासारखा चिवटपणा भगरीत नसतो. हे धिरडे रताळ्याच्या शिजलेल्या पिष्टाने आणि साबुदाण्याने एकमेकांना धरून राहते, म्हणून साबुदाणा वगळू नये आणि धिरडे फार पातळही पसरू नये.

तव्यावर तूप सोडून, हात पाण्यात बुडवून पीठ थापावे. वर झाकण ठेवावे. येथेही घाई नाही. साखर असलेले पीठ मोठ्या आचेवर बाहेरून काळे पडते आणि आत कच्चे राहते. कडा आपणहून सुटू लागल्या म्हणजेच उलथणे घालावे. आधी घातले की तुटलेच समजा. सोबत कवठाची गूळ घातलेली चटणी. आंबट आणि गोड यांची अशी जोडी मला दुसरी माहीत नाही.

रताळी निवडताना फार जाड घेऊ नयेत. मुठीत मावतील अशी, जड आणि सालीला सुरकुती नसलेली घ्यावी. बारीक भोके दिसली तर ते रताळे सोंड्या भुंग्याचे आहे. त्याचा कडूपणा शेजारच्या चांगल्या गरालाही लागतो, म्हणून सबंधच टाकावे. काढणीनंतर काही दिवस राहिलेले रताळे ताज्यापेक्षा गोड लागते. फ्रीजमध्ये मात्र ठेवू नये. हा कंद उष्ण प्रदेशातला आहे, थंडीने तो आतून टणक होतो आणि मग कितीही भाजला तरी मऊ होत नाही.

उष्ण प्रदेशातला म्हटले, तो प्रदेश कोणता हे वाचून मी चकित झालो. रताळे मूळचे अमेरिका खंडातले. कोलंबस १४९२ मध्ये तिकडे पोहोचला, त्यानंतर ते युरोपात आले आणि पुढे पोर्तुगीजांबरोबर आपल्याकडे. कॅरिबियन बेटांवरच्या लोकांच्या भाषेत त्याचे नाव होते "बटाटा". तेच नाव पोर्तुगीजांनी उचलले आणि मराठीत ते दुसऱ्याच कंदाला चिकटले. म्हणजे आपण ज्याला बटाटा म्हणतो त्याच्याजवळ रताळ्याचे नाव आहे! उपवासाच्या ताटात पुढे पाहत गेलो तर शेंगदाणा अमेरिकेतला, मिरची अमेरिकेतली, राजगिरा अमेरिकेतला आणि साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कसावाही तिकडचाच. धान्य खायचे नाही, कंदमुळे खायची, हा नियम जुना, आणि त्या नियमात बसणारी नवी कंदमुळे आली तशी ताटात शिरली. भगर तर शास्त्राप्रमाणे तृणधान्यच आहे, तरी तिला उपवासात मोकळीक आहे आणि ज्वारीला नाही. यावर मी मायला छेडले तेव्हा ती म्हणाली, "देवाले चालते, तुले कायले त्रास?" माझ्यापाशी उत्तर नव्हते.

जाता जाता हेही सांगतो की आपल्या बाजारातले रताळे लाल किंवा पांढऱ्या सालीचे आणि आतून पांढुरके असते. नारिंगी गराच्या जातींत शरीरात 'अ' जीवनसत्त्व होणारे बीटा-कॅरोटीन भरपूर असते. आफ्रिकेत अशा जाती पसरवणाऱ्या शास्त्रज्ञांना २०१६ चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. आपल्याकडे तिरुअनंतपुरमच्या केंद्रीय कंदपीक संशोधन संस्थेने 'भू सोना' ही नारिंगी जात काढली आहे. इतवाऱ्यात ती मला अजून दिसलेली नाही.

वसतिगृहातले आणि खोली करून राहणारे मित्र विचारतील, आम्ही चूल कोठून आणावी? याचे उत्तर मला अकोल्याच्या मावशीकडे मिळाले. ती जुन्या शहरात दोन खोल्यांत राहते, चूल कधीच गेली. ती जाड लोखंडी तव्यावर सबंध रताळी कोरडीच मांडते, वर पातेले पालथे घालते आणि गॅस अगदी बारीक करून पाऊण ते एक तास ठेवते. मधून मधून रताळी फिरवते. साल सुटून तव्यावर चिकासारखा काळपट पाक गळू लागला की झाले. फुफाट्याचा वास येत नाही एवढाच फरक. मावशी त्या गराच्या घाऱ्या तळते. माझ्या मते त्या तेलात गोडी हरवते, पण हे तिच्या तोंडावर म्हणू नये.

यंदा शिवरात्रीच्या आदल्या दिवशीच गावी गेलो. माय सोंगणीला गेल्यावर दुपारी तीनला चूल पेटवली, पाचपर्यंत रताळी फुफाट्यात ठेवली आणि त्यांच्याकडे पाहायचे नाही म्हणून कवठ फोडत बसलो. भीतीपोटी गूळ गेल्या वर्षीइतकाच घातला. दिवस मावळल्यावर माय जेवायला बसली. तीन धिरडी झाली, चौथे तिने मागून घेतले. ते मोडता मोडता म्हणाली, "गूळ लय झाला पोरा. एवढा लागत नाही याले."