लस : एका शब्दाची कुळकथा

घरांत मूल जन्मलें, कीं त्याच्या बारशाच्याहि आधीं ‘लस’ हा शब्द घरांत येतो. क्षयाची लस, पोलिओची लस, गोवराची लस, असें सर्व जण सहज बोलतात. परंतु ‘लस’ म्हणजे काय, असें विचारलें तर शिकलेल्या माणसालाहि ‘रोग होऊं नये म्हणून द्यावयाचें औषध’ यापलीकडे फारसें सांगतां येत नाहीं. हें उत्तर चुकीचें नव्हे. मात्र शब्दाचा मूळ अर्थ याहून साधा आणि, खरें सांगावयाचें तर, थोडा किळसवाणा आहे. जखमेंतून किंवा फोडांतून जें पातळ, चिकट पाणी पाझरतें, ती लस. संस्कृतांत तिला लसीका म्हणतात; चरकसंहितेंत शरीरांतील उदकाचा विचार आला आहे, तेथें त्वचेखालीं असणाऱ्या आणि व्रणांत दिसणाऱ्या उदकाला हेंच नांव दिलेलें आहे. अशा ओंगळ पदार्थाचें नांव रोगनिवारणाला कसें मिळालें?

त्यासाठीं देवीच्या रोगाकडे वळलें पाहिजे. देवी आलेल्या रोग्याच्या फोडांतील द्रव्य घेऊन तें निरोगी माणसाच्या कातडींत घालावयाचें आणि सौम्य दुखण्यावर मोठें दुखणें टाळावयाचें, ही युक्ति हिंदुस्थान, चीन आणि तुर्कस्तान या देशांत जुनीच होती. इंग्रजांनीं तिला ‘इनॉक्युलेशन’ हें नांव दिलें. तें मुळांत माळ्याच्या बोलींतलें आहे. लॅटिन भाषेंत ‘ऑक्युलस’ म्हणजे डोळा, आणि झाडाच्या अंकुरालाहि तोच शब्द. आपल्याकडेहि उसाला डोळे असतात आणि गुलाबाचा डोळा भरतात! एका झाडाचा डोळा दुसऱ्या झाडांत बसवावा, तसा एकाचा रोग दुसऱ्याच्या अंगांत बसवावयाचा, अशी ही कल्पना. परंतु हें कलम कधीं कधीं जिवावर बेते, आणि टोचलेल्या माणसापासून इतरांस खऱ्या देवी येत.

१४ मे १७९६ रोजीं एडवर्ड जेन्नर यानें गवळणीच्या हातावरील, गाईपासून आलेल्या फोडांतलें द्रव्य जेम्स फिप्स या मुलाच्या हातावर टोचलें. १७९८ सालीं प्रसिद्ध केलेल्या पुस्तकांत त्यानें या रोगाला ‘गाईच्या देवी’ अशा अर्थाचें लॅटिन नांव दिलें. ‘वाक्का’ म्हणजे गाय, तिच्यावरून ‘व्हॅक्सीन’.

हें द्रव्य हिंदुस्थानांत आणणें मात्र अवघड होतें. लांबच्या प्रवासांत उन्हानें तें निकामी होई. अखेर व्हिएन्ना, कॉन्स्टँटिनोपल, बगदाद, बसरा अशा मार्गानें तें मुंबईस पोंचलें आणि १४ जून १८०२ रोजीं अ‍ॅना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला टोचण्यांत आलें. तिच्या हातावरील फोडांतून तें दुसऱ्या मुलांना दिलें, त्यांच्या हातांवरून आणखी दुसऱ्यांना. औषध बाटलींत नव्हतें, मुलांच्या दंडांवर होतें.

लोकांच्या डोळ्यांसमोर जें घडत होतें, तेंच मराठी शब्दांत उतरलें. इंग्रजी शब्दाला गाय आठवते. मराठी शब्दाला परक्या मुलाच्या फोडांतून पाझरणारें पाणी आठवतें. तें आपल्या मुलाच्या अंगांत घालूं देण्यास आई कचरली, तर तिला अडाणी म्हणून मोकळें होणें न्यायाचें नाहीं. तीत जातीचा विटाळ होता, हें खरें. ज्याच्या फोडांतून लस काढावयाची, त्या मुलाला होणारा त्रासहि होता. आणि या पद्धतीनें उपदंशासारखा रोग एका मुलाकडून दुसऱ्याकडे जाऊं शकतो, हें पुढें युरोपांतल्या डॉक्टरांनाहि मान्य करावें लागलें. म्हणूनच एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत वासरांच्या अंगावर लस वाढविण्याची रीत रूढ होत गेली. मुंबई शहरांत मुलांना लस टोचून घेणें १८७७ च्या कायद्यानें सक्तीचें झालें. घरोघरीं मात्र बायका त्याला ‘देवी काढणें’च म्हणत राहिल्या.

१८८१ सालीं लंडन येथील वैद्यक परिषदेंत लुई पाश्चर यानें सुचविलें, कीं जेन्नरच्या सन्मानार्थ ‘व्हॅक्सीन’ हें नांव अशा सर्वच उपायांना द्यावें. त्या दिवसापासून शब्दांतली गाय नांवापुरती उरली. मराठींतहि तसेंच झालें. १८९६ सालीं मुंबईंत प्लेग आला. १० जानेवारी १८९७ रोजीं वाल्डेमार हाफकिन यानें स्वतः तयार केलेली लस आधीं स्वतःला टोचून घेतली. ती मांसाच्या रसांत प्लेगचे जंतु वाढवून व मारून केलेली होती. तींत गाय नव्हती आणि फोडाचें पाणीहि नव्हतें. तिला हाफकिन ‘प्रोफिलॅक्टिक’ म्हणे. ग्रीक भाषेंत ‘प्रो’ म्हणजे आधीं आणि ‘फिलॅक्स’ म्हणजे पहारेकरी. चोर येण्यापूर्वींच दाराशीं बसविलेला! अर्थानें हा शब्द सर्वांत चोख. पण जिभेवर बसला तो ‘लस’च. १९०२ सालीं पंजाबांतील मुलकोवाल येथें प्लेगची लस टोचलेले १९ लोक धनुर्वातानें दगावले, हाफकिनवर बालंट आलें आणि १९०७ सालीं तें दूर झालें. तरी शब्द टिकून राहिला.

१९८० सालीं देवीचा रोग जगांतून गेल्याचें जाहीर झालें. ‘देवी काढणें’ आतां वडीलधाऱ्यांच्या दंडावरील वणापुरतें उरलें आहे. लस मात्र वाढतच गेली. २०२१ सालीं करोनाच्या साथींत वर्तमानपत्रांनीं ‘लसवंत’ असा शब्द वापरला. धनवंत, गुणवंत यांच्या पंक्तीला तो बसला; त्याचा जुना अर्थ लावला तर ‘ज्याच्या फोडांतून पाणी वाहतें असा’ असें होईल, पण तें कोणाच्या मनांतहि आलें नाहीं.