पाळीचा हिशेब आणि पिशवीची घाई



गळीत हंगाम संपल्यावर यंदा सभासदांची सहल मुरुडला गेली. राजपुरीच्या धक्क्यावर सगळे जंजिऱ्याच्या शिडाच्या होडीत चढले, पण एक भगिनी काही केल्या चढेना. "पोटात कळा येतात," एवढंच ती आमच्या सौभाग्यवतींजवळ बोलली. मागाहून उलगडा झाला. पाच आठवड्यांपूर्वी तिने गर्भपात करून घेतला होता आणि आता पहिली पाळी नेहमीपेक्षा जोरात आली होती. आतून काही बिघडलं, या धास्तीत ती होती. शेजारणीने तर "पिशवीच काढून टाक" असा सल्लाही दिला होता.

उसाच्या माणसाने यात बोलावं का, असं आम्हालाही वाटलं. तरी परत आल्यावर एका स्त्रीरोगतज्ज्ञ डॉक्टरीणबाईंना गाठलं. त्यांनी सांगितलं ते असं.

गर्भपातानंतर लगेच जातं ती पाळी नव्हे. गोळ्या घेतल्या असतील तर रक्तस्राव साधारण दोन आठवडे चालतो, बारीक डाग महिनाभरही दिसतात. खरी पाळी ४ ते ८ आठवड्यांत येते. पहिल्या खेपेला कुणाला जास्त जातं, गाठी पडतात, कुणाला अगदी कमी. दोन-तीन पाळ्यांत बहुतेकींचं चक्र पूर्वीसारखं बसतं.

आता गफलत होते ती इथे. पाळी आली नाही म्हणजे दिवस राहणार नाहीत, असं घरोघरी धरून चालतात. खोडव्याचा फुटवा वर दिसतो तेव्हा जमिनीखाली काम कधीच सुरू झालेलं असतं (उपमा उसाची आहे, भगिनींनी राग मानू नये). तसंच स्त्रीबीज पाळीच्या आधी सुटतं, गर्भपातानंतर दोन आठवड्यांच्या आतसुद्धा. म्हणून तांबी की गोळ्या, हे डॉक्टरांना त्याच भेटीत विचारावं. नवरेमंडळींनी निरोधचा विचार करायला हरकत नाही.

मात्र तासाला दोन मोठे पॅड भिजताहेत आणि असं दोन तास चाललंय, ताप उतरत नाही, घाण वास येतो, पोट फार दुखतं, तर वाट पाहू नये, थेट दवाखाना गाठावा. आठ आठवडे पाळी आली नाही तरी दाखवावं. पुन्हा दिवस राहिलेत का, ते आधी तपासतात. लाजायचं कारण नाही. गर्भपाताचा कायदा १९७१ चा, २०२१ मध्ये सुधारलेला. सज्ञान बाईला नवऱ्याची सही लागत नाही आणि तिचं नाव गुप्त ठेवणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे.

पिशवीच्या सल्ल्याचं आम्हाला भय वाटतं ते उगीच नाही. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने बीड जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी केली. १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. एक खाडा पडला तर कोयत्याची मजुरी कापली जाते, मग पाळीची कटकटच नको, असा हिशेब त्यामागे होता. आपल्या फडात टोळी उतरते तेव्हा कुणी बाई बांधावर बसलेली दिसली तर मुकादमाला आवाज द्यायच्या आधी तिला पाणी द्या, दवाखान्यात जायला गाडी द्या.

सहलीतल्या भगिनीला आमच्या सौभाग्यवतींनी डॉक्टरीणबाईंकडे नेलं. रक्त कमी निघालं, लोहाच्या गोळ्या सुरू आहेत. दुसरी पाळी वेळेवर आली. पिशवी जागेवर आहे.