निर्वासिताचं सामान आणि विमानतळावरची यादी

पुण्याहून कॅनडाचा पीआर (कायम वास्तव्याचा परवाना) घेऊन निघालेला इंजिनियर आणि जॉर्डनमधल्या भाड्याच्या खोलीतून निघालेलं सिरियन कुटुंब, टोरँटोच्या विमानतळावर कस्टम्ससाठी दोघांचा कागद एकच असतो. पहिल्यांदाच कॅनडात येऊन किमान १२ महिने राहायच्या इराद्याने आलेला माणूस तिथल्या सीमाशुल्क कायद्याच्या लेखी नवा रहिवासी ठरतो आणि त्याच्या वापरातलं घरसामान शुल्काविना आत येतं. निर्वासितांसाठी वेगळा फॉर्म नाही, वेगळी रांग नाही. फरक आहे तो तयारीला मिळालेल्या वेळेत. इंजिनियरने पॅकर्सवाल्याकडून खोकी मोजून घेतलेली असतात. निर्वासिताचं निम्मं घर ढिगाऱ्याखाली असतं आणि उरलेलं तीन नातेवाइकांकडे ठेवलेलं. म्हणून हा नियम नीट समजून घेण्याची खरी गरज त्याला आहे, आणि त्याला मदत करणाऱ्यांनाही.

सवलत मिळायला तीन गोष्टी लागतात. वस्तू तुमच्या मालकीची हवी, तुमच्या ताब्यात असायला हवी आणि कॅनडात पाऊल टाकण्यापूर्वी तुम्ही ती वापरलेली हवी. तिन्ही एकदम. भाड्याने घेतलेली वस्तू मालकीची नाही, म्हणून ती बाद. विकत घेऊन खोक्यातच ठेवलेला मिक्सर मालकीचा आहे, ताब्यातही आहे, पण वापरलेला नाही, म्हणून त्यावर शुल्क लागतं. प्रवासात वाटेत केलेल्या खरेदीचंही तेच. फक्त लग्नाच्या आहेराला वापराची अट सुटते, लग्न येण्याच्या आधी किंवा नंतर तीन महिन्यांच्या आत झालं असेल तर.

यातला ‘पूर्वी’ हा कॅनडात येण्यापूर्वीचा आहे, मायदेश सोडण्यापूर्वीचा नव्हे. निर्वासितांचा गोंधळ इथेच होतो. दमास्कस सोडून अम्मानमध्ये चार वर्षं काढलेल्या कुटुंबाला वाटतं की आपलं सामान म्हणजे दमास्कसमधलं सामान. अम्मानमध्ये जुन्या बाजारातून घेतलेला फ्रीज, गाद्या, मुलांच्या सायकली यांची नोंद ते करतच नाहीत. खरं तर त्या वस्तूही तितक्याच पात्र आहेत. छावणीत घेतलेल्या पातेल्यालाही हीच सवलत आहे.

आता मुख्य गोष्ट, यादी. येणाऱ्याने सामानाची यादी करायची, शक्यतो टाइप केलेली, दोन प्रतींत. तिचे दोन भाग: सोबत आणलेलं सामान आणि मागाहून येणारं सामान. प्रत्येक वस्तूपुढे किंमत, आणि जिथे असेल तिथे कंपनीचं नाव, मॉडेल व क्रमांक लिहायचा. ही यादी कॅनडातल्या पहिल्या विमानतळावरच द्यायची. व्हँकुव्हरला उतरून पुढे कॅल्गरीला जायचं असेल तर व्हँकुव्हरला. यादी पाहून अधिकारी ‘बीएसएफ १८६’ नावाचा फॉर्म भरतो (जुनी मंडळी त्याला अजून ‘बी ४’ म्हणतात), त्यावर फाईल क्रमांक घालतो आणि एक प्रत पोच म्हणून हातात देतो.

त्या दिवशी हातात एकही वस्तू नसली, तरी यादी द्यायची असते. मागाहून येणारं सामान शुल्कमुक्त व्हायचं तर येण्याच्या दिवशी त्याची नोंद झालेली हवी, ही कायद्याची अट आहे. ते नंतर कधी यावं याची मुदत मात्र त्या अटीत घातलेली नाही. म्हणजे मेहुण्याकडे ठेवलेला गालिचा दोन वर्षांनी आला तरी चालेल, पण पहिल्या दिवशी कागदावर नसेल तर दोन महिन्यांनी आला तरी शुल्क पडेल. निर्वासितांना माझं आग्रहाचं सांगणं असं की जे जे परत मिळण्याची थोडीही आशा आहे, ते सगळं लिहा. सामान आलंच नाही तर लिहिल्याचा दंड होत नाही. ‘कशाला, ते काय आता येणार आहे’ असं म्हणून माणसं कागद कोरा ठेवतात, ते पाहून जीव तुटतो.

एक नोंद जवळून पाहू. समजा, शिंपीकाम जाणणारी एक बाई आहे आणि तिचं मशीन अम्मानला भावाकडे राहिलंय. ‘शिलाई मशीन’ एवढं लिहून भागत नाही. ‘शिलाई मशीन, एक, पायाने चालवायचं, लाकडी टेबलासह’, मग कंपनीचं नाव, मग मशीनच्या अंगावर ठोकलेल्या पत्र्यावरचा क्रमांक. तो आठवत नसेल तर भावाला फोन करून फोटो मागवायचा. हे विमानात बसण्याआधी दहा मिनिटांत होतं, नंतर होत नाही. किंमत लिहायची ती आजच्या अवस्थेतल्या जुन्या मशीनची, नव्याची नव्हे. घरातलं एक मशीन बिनदिक्कत चालतं. पण कारखाना थाटायला आणलेली यंत्रं, कंत्राटी बांधकामाची अवजारं, धंद्यासाठीची गाडी, शेतीची यंत्रसामग्री ही घरसामानात बसत नाहीत. छंदाची अवजारं, पुस्तकं, वाद्यं, भांडीकुंडी, कपडेलत्ते, वडिलोपार्जित वस्तू, दागिने हे सगळं बसतं.

दागिन्यांचं थोडं वेगळं आहे. नुसतं ‘सोन्याच्या बांगड्या, चार’ लिहिलं तर पुढे त्याच बांगड्या ओळखायच्या कशा? म्हणून सराफाकडून वर्णन आणि मूल्यांकन, आणि त्याची सही व तारीख असलेले फोटो सोबत ठेवावेत असं कॅनडाची सीमा सेवा सुचवते. घरदार सोडून पळालेल्या बाईकडे सराफाचा कागद कुठून असणार? मग निदान मोबाइलवर स्वच्छ उजेडात काढलेले फोटो, वजन आणि नक्षीचं वर्णन तरी असावं.

सोन्याशी जोडलेला एक नियम मला मनापासून खटकतो. शुल्काविना आणलेली वस्तू १२ महिन्यांच्या आत विकली किंवा दुसऱ्याला दिली, तर माफ झालेलं शुल्क भरावं लागतं. व्यापाऱ्याने घरसामानाच्या नावाखाली माल आणू नये, यासाठी ही तरतूद आहे आणि तेवढ्यापुरती ती रास्तही आहे. पण निर्वासिताची पुंजी बहुधा अंगावरच्या सोन्यातच असते आणि ते मोडायची वेळ येते ती पहिल्याच वर्षी. युरोपीय संघाच्या २००९ च्या नियमावलीत (क्रमांक ११८६) तर १२ महिने वस्तू विकायची, भाड्याने द्यायची किंवा गहाण ठेवायची झाल्यास आधी अधिकाऱ्यांना कळवावं लागतं.

त्याच नियमावलीत एक समंजस कलमही आहे, अकरावं. एरवी युरोपात राहायला येणाऱ्याने वस्तू सहा महिने वापरलेली असावी लागते आणि आल्यावर १२ महिन्यांत ती आणावी लागते. अपवादात्मक राजकीय परिस्थितीमुळे घर सोडावं लागलं असेल, तर यातली वापराची अट शिथिल करायची मुभा कलम ११ अधिकाऱ्यांना देतं. धंद्याच्या साहित्यावरची बंदीही त्यात उठवता येते. विक्री आणि गहाणाची अटही शिथिल होणाऱ्या अटींच्या यादीत आहे.

कॅनडात कस्टम्सच्या खिडकीवर आणखी दोनतीन गोष्टी विचारतात. रोख रक्कम कितीही आणता येते, पण १०,००० कॅनेडियन डॉलर किंवा त्याहून अधिक असेल तर सांगणं सक्तीचं आहे. लपवली तर जप्त होऊ शकते. कुणासाठी आणलेली भेटवस्तू ६० डॉलरपर्यंत माफ. मांस, दुधाचे पदार्थ, बियाणं, रोपं यांच्यावर कडक निर्बंध आहेत, ते नोंदवायचेच. आणि माती परवान्याशिवाय आणता येत नाही, अगदी आपल्या शेतातली मूठभरसुद्धा. ती काढून घेतात तेव्हा त्यात अपमान नसतो, पिकांवरच्या रोगांची भीती असते. पण हे निघण्यापूर्वीच कुणीतरी सांगितलेलं बरं.

निर्वासितांबाबतच्या १९५१ च्या आंतरराष्ट्रीय कराराचं कलम ३० इथे उपयोगी पडतं. पहिल्या देशात आणलेली मालमत्ता कायमच्या पुनर्वसनाच्या देशात न्यायला त्या पहिल्या देशाने आपल्या कायद्यानुसार परवानगी द्यावी, असं ते सांगतं. निघतानाचा दरवाजाही कधीकधी अडतो, हे करार करणाऱ्यांना ठाऊक होतं. १९७२ मध्ये इदी अमीनने युगांडातल्या आशियाई लोकांना ९० दिवसांत देश सोडायला लावला, तेव्हा त्यांच्यात गोंयकारही होते. एन्टेबे विमानतळाच्या वाटेवरच्या चौक्यांवर अनेकांचं सामान लुटलं गेलं.

कॅनडात १९७९ पासून खासगी पुरस्कर्त्यांची योजना आहे. तिच्यात पाच माणसं एकत्र येऊन एका निर्वासित कुटुंबाची पहिल्या वर्षाची जबाबदारी घेऊ शकत; अशा गटांचे नवे अर्ज घेणं नोव्हेंबर २०२४ मध्ये थांबवलं गेलं. टोरँटो, मिसिसागाकडच्या मराठी मंडळींपैकी कुणी अशा गटात असेल, तर घर शोधणं आणि गरम कपडे जमवणं यांच्या आधी एक काम करावं: कुटुंब निघायच्या दोन आठवडे आधी व्हिडिओ कॉल लावून त्यांच्यासोबत ही यादी टाइप करावी. कोणत्या नातेवाइकाकडे काय आहे हे आजीला जास्त आठवतं, तिला समोर बसवावं. विमानतळावरून मिळालेल्या पोचेचा फोटो लगेच काढून ठेवावा. पुढे कधी सामान बंदरात किंवा गोदामात आलं की वाहतूक कंपनी कळवते. मग ती पोच आणि ओळखपत्र घेऊन कस्टम्सच्या कार्यालयात जायचं, अधिकारी यादीतल्या नोंदी ताडून पाहतो आणि सामान सोडतो. वाहतुकीचं आणि गोदामाचं भाडं मात्र भरावं लागतंच, त्याला सवलत नाही.