पाणी दिलं, पण कोरडं

आई लग्नाचं आमंत्रण करून घरी आली, पिशवी खुंटीला अडकवली आणि म्हणाली, "बोलल्या बाई, पण..." पुढचा शब्द तिला सापडेना. मी मदतीला धावले.

"तुसड्या आहेत?"

"नाही गं."

"मग फटकळ?"

"छे! फटकळ माणूस मनाचा मोकळा असतो. यांनी बसा म्हटलं, पाणीसुद्धा आणून दिलं. पण कोरडं."

पाणी, आणि तेही कोरडं! मला हसू आलं. पण शब्द बरोब्बर बसला होता.

असा शब्द कोशातून चटकन हाती लागत नाही. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली निघाला, त्याची दुसरी आवृत्ती १८५७ साली. दाते-कर्वे यांच्या 'महाराष्ट्र शब्दकोशा'चे सात खंड १९३२ ते १९३८ या काळात आले. पण हे कोश शब्दावरून अर्थाकडे नेतात. आपली अडचण उलटी असते: अर्थ मनात सलत असतो आणि शब्द ओठावर येत नाही. संस्कृतातल्या अमरकोशाने शब्द विषयवार लावले आहेत. तशीच आपणही या एका सलाची यादी लावून पाहू.

इंग्रजी माणसाला असं बोलणं थंड वाटतं. मराठीला ते मानवत नाही. वैशाखात पाय पोळलेल्या माणसाला गारवा सुखाचाच. आपले डोळे निवतात, जीव थंडावतो, तो समाधानाने. बातमी ऐकून आपण गार पडतो, ते आश्चर्याने. 'थंडा प्रतिसाद' म्हणजे उत्साह कमी, एवढंच. दुरावा सांगायचा झाला की मराठी थेट पाण्याकडे जाते. आपुलकी म्हणजे ओलावा. 'जिव्हाळा' या शब्दाचा एक जुना अर्थ पाण्याचा झरा असाच आहे. तो आटला की बोलणं कोरडं होतं. पुस्तकी मराठीतलं 'रुक्ष'ही त्याच अर्थाचं.

शेजारचे शब्द मात्र वेगळ्या जातीचे आहेत. 'तुटक' बोलण्यात धागाच पुढे जात नाही: विचारलं तेवढंच उत्तर, "हो", "नाही", "बघू". 'तोडून' बोलणारा तो धागा मुद्दाम तोडतो. 'तुसडा' त्याच्याही पुढचा. त्याला तुमचं जवळ येणंच नकोसं असतं. 'खवट' शब्द स्वयंपाकघरातला. खोबऱ्याची वाटी वरून पांढरीशुभ्र दिसते, तुकडा तोंडात टाकला की घसा धरते. पण खवट व्हायला आधी तेल असावं लागतं, म्हणून खवट म्हाताऱ्यांत कधीतरी माया होती असं वाटत राहतं. 'शिष्ट'ची गंमत और आहे. शिष्टाचारातला शिष्ट म्हणजे सुसंस्कृत. बोलण्यातला "फार शिष्ट आहे हं ती" म्हणजे नाक वर करून वागणारी. आणि 'खडूस' ही तर शिवीच, पण मुंबईचे क्रिकेटपटू ती बिरुदासारखी मिरवतात.

मराठीत कोरडं बोलायला वाईट शब्द लागतच नाहीत. नुसती अव्ययं काढून घ्यायची. "येतोस ना रे?" यातले 'ना' आणि 'रे' गाळा, "येतोस?" एवढंच उरतं, आणि समोरचा सावध होतो. गं, रे, हं, की, बाई, बाबा या चिमुकल्या शब्दांत व्याकरणाला फारसा अर्थ सापडत नाही, पण सगळा ओलावा तिथेच मुरलेला असतो. उलटा उपायही आहे: मान वाढवायचा. कालपर्यंत 'तू' म्हणणाऱ्या मैत्रिणीने आज "आपण बसा ना" म्हटलं, की समजावं, काहीतरी बिनसलंय. तू, तुम्ही, आपण या तीन पायऱ्या आदराच्या आहेत खऱ्या, पण रागावलेलं माणूस त्यांवरूनच चढून दूर जातं.

शब्द निवडताना आणखी एक गोष्ट ठरत असते. 'तुसडा' हा स्वभावाला चिकटतो आणि सहसा निघत नाही. 'तुटक', 'कोरडं' हे त्या वेळच्या बोलण्याचं वर्णन. माणूस उद्या वेगळा भेटू शकतो. घरात दुखणं असेल, डोकं ठणकत असेल, नाहीतर आमंत्रण देणाऱ्याचंच मागचं काही चुकलं असेल.

म्हणून तर आईने माझे दोन्ही शब्द परतवले होते. तिने त्या बाईंना नाव ठेवलं नाही, पाण्याला ठेवलं.