पाटा वाढवण्याआधी

एक टन पोलाद मावायला फारशी जागा लागत नाही. लांबी, रुंदी, उंची प्रत्येकी अर्धा मीटर असलेला ठोकळा झाला की टन भरला. एक टन कांदा म्हणजे मात्र पन्नास किलोच्या वीस गोण्या. चाकणच्या बाजारात कांदा-बटाटा भरणाऱ्याला गाडी किती भरली हे नुसतं बघून कळतं. भोसरी किंवा म्हाळुंगेच्या एमआयडीसीतून मशीनिंग झालेले पार्ट नेणाऱ्याची ती सोय नाही. हौद्यात तळाला क्रेटचा एकच थर असतो, वरचा हौदा रिकामा दिसतो, आणि मागचे पाटे, म्हणजे लीफ स्प्रिंग, मात्र सरळ होऊन गेलेले असतात. या पट्ट्यात वापरलेली जुनी पिकअप घेतली, की तिने आयुष्यभर काय वाहिलं हे आधी पाट्यांवर वाचायचं.

माझी गाडी टाटा २०७ डीआय. तिचं घराणं इथलंच. टेल्कोने, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सने, १९८८ मध्ये टाटामोबाइल ही पिकअप आणली ती पुण्याच्या कारखान्यातून. तिच्याच सांगाड्यावर पुढे १९९१ मध्ये सिएरा, १९९२ मध्ये इस्टेट आणि १९९४ मध्ये सुमो उभी राहिली. सुमोचं नाव टेल्कोचे प्रमुख राहिलेल्या सुमंत मूळगावकरांवरून पडलं, आणि पिंपरी-चिंचवडच्या माळावर टेल्कोचा कारखाना उभा राहिला तोही त्यांच्याच काळात. या नात्याचा उपयोग आजही होतो. २०७ चा एखादा भाग मिळेना, तर दुकानदार आधी विचारतो, "सुमोचा बसतोय का बघू?" काही भाग खरोखर बसतात. २०७ डीआयचं २,९५६ सीसीचं डिझेल इंजिन साधं आहे. बॉनेट उघडलं की काय कुठे आहे ते दिसतं, हात आत जातो. घरी काम करणाऱ्याला याहून जास्त काही नको असतं.

कामाला लागण्याआधी गाडी धुवायची. पाण्याच्या जोराने चिखल आणि तेलाचा थर निघून गेल्याशिवाय चासी बोलत नाही. मग लहान हातोडीने ठोकत जायचं. धड पत्रा टणत्कार देतो, गंजलेला बद्द वाजतो. गंज हमखास सापडतो तो पाणी साचून राहतं तिथे: केबिनमध्ये पायाखालच्या रबराखाली, हौदा जिथे चासीवर टेकतो त्या लाकडी पट्ट्यांखाली, आणि पाट्यांच्या ब्रॅकेटच्या कोपऱ्यात. केबिनच्या आणि हौद्याच्या पत्र्याचा गंज कापून नवा पत्रा जोडता येतो. चासीवरचा किंवा ब्रॅकेटजवळचा गंज दिसला तर घरचं काम तिथेच थांबवायचं.

चासी सरळ आहे का, हे बघायला यंत्र लागत नाही. गाडी सपाट सिमेंटच्या जागेवर उभी करायची. चासीच्या दोन्ही अंगांच्या सारख्याच भोकांतून ओळंबा सोडायचा आणि तो जमिनीला टेकेल तिथे खडूने फुली मारायची. गाडी बाजूला घेतली की जमिनीवर चासीचा नकाशा उरतो. मग टेपने कर्ण मोजायचे. दोन्ही कर्ण सारखे भरले तर चासी काटकोनात आहे. माझ्या गाडीचे कर्ण जुळले. पण चाकाच्या मध्यापासून हौद्याच्या कडेपर्यंतची उंची डाव्या अंगाला बोटभर कमी भरली. दोष पाट्यात होता.

पाटे उतरवणं हे अंगमेहनतीचं काम आहे आणि त्यात घाई चालत नाही. पुढच्या चाकांना अडण लावायची, मागची चासी जॅकने उचलून भक्कम लाकडी ठोकळ्यांवर टेकवायची. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कुणीही जायचं नाही. यू-बोल्टचे नट वर्षानुवर्षं चिखल खाऊन धरलेले असतात. आदल्या रात्री त्यांवर तेल सोडून ठेवायचं, तरी न सुटले तर कापायचे. कापायला जीव तुटायचं कारण नाही, कारण एकदा ताणलेले यू-बोल्ट पुन्हा वापरायचे नसतातच. पाटे खाली आले की खडूने नंबर टाकायचे, मग सेंटर बोल्ट काढायचा. संच सुटतो तेव्हा पानांमधून गंजाचा लाल भुगा पडतो.

माझ्या डाव्या संचातलं तिसरं पान सेंटर बोल्टच्या भोकातून तुटलेलं होतं. तुटलेल्या तोंडाचा अर्धा भाग काळपट तपकिरी होता, अर्धा चकचकीत. काळपट भाग म्हणजे जुनी चीर. ती हळूहळू वाढत गेली, आणि उरलेलं पोलाद एका खड्ड्यात एकदम तुटलं. त्याच संचात वरून आणखी एक जाड पान घातलेलं होतं. त्याची जाडी वेगळी, कमान वेगळी, गंजही नवा. आधीच्या मालकाने कधीतरी 'पाटा वाढवून' घेतला होता.

भोसरीत नाशिक रस्त्यालगत पाटेवाल्यांची दुकानं आहेत. तिथे संच नेऊन टाकला, तर मिस्त्रींनी ते उपरं पान पायाने बाजूला सारलं. म्हणाले, "साहेब, हे आमच्यातल्याच कुणीतरी घातलंय. गिऱ्हाईक म्हणतं गाडी बसते, आम्ही पान टाकतो. गाडी बसायची थांबते, बाकी सगळं बसतं."

ही गोष्ट नीट समजून घेण्यासारखी आहे. सारख्या जाडीची सहा पानं असतील आणि सातवं घातलं, तर संच साधारण एक षष्ठांशाने कडक होतो. जाड पान घातलं तर हिशोब झपाट्याने बदलतो, कारण पानाचा कडकपणा जाडीच्या घनाप्रमाणे वाढतो. आठ मिलिमीटरऐवजी दहा मिलिमीटरचं पान जवळजवळ दुप्पट कडक असतं. म्हणून असं एक पान सगळ्या संचाचा तोल बिघडवतं. शेजारची पातळ पानं आणि ते जाड पान सारखं वाकत नाहीत. भार पानं जिथे घासतात तिथे, नाहीतर भोकाच्या कडेला गोळा होतो आणि चीर पडते.

त्याहून मोठी गोष्ट पाट्याच्या बाहेर आहे. पान वाढवलं म्हणून अॅक्सल जाड होत नाही, ब्रेकचे लायनर मोठे होत नाहीत, चाकाच्या बेअरिंगचं बळ वाढत नाही, टायरवर छापलेला आकडा बदलत नाही. बऱ्याच पिकअपना मागच्या ब्रेकसाठी एक वाल्व असतो, तो दांडीने अॅक्सलला जोडलेला असतो. माल भरला की हौदा खाली येतो, दांडी हलते आणि वाल्व मागच्या चाकांना जास्त ब्रेक देतो. पाटे कडक केले की माल भरूनही हौदा खाली येत नाही. वाल्वला गाडी रिकामीच वाटते, आणि भरलेल्या गाडीला मागचा ब्रेक कमी मिळतो. बसलेली गाडी ड्रायव्हरला इशारा देत असते, वाढवलेलं पान तो इशाराच बंद करतं.

मिस्त्रींनी मूळ जाडीचं तिसरं पान घातलं आणि बाकीच्यांना पुन्हा कमान दिली. हे काम पाहण्यासारखं असतं. पान ऐरणीवर ठेवून थोडं थोडं सरकवत सारख्या अंतरावर घण पडतो. मधूनमधून पान उचलून शेजारच्या पानावर ठेवायचं, फट बघायची, पुन्हा ठोकायचं. घण मारणारा पोरगा आणि पान धरणारे मिस्त्री एकमेकांशी बोलत नाहीत. पान किती सरकलं यावरून पुढचा घाव ठरतो. हे सगळं गारच करायचं असतं. भट्टीत लाल केलं तर वाकवायला सोपं जातं, पण पोलादाचा कारखान्यातला ताव जातो, आणि नंतर तेलात विझवून नीट पाणी दिलं नाही तर ते पान महिन्याभरात पुन्हा सपाट होतं. तुटलेलं पान वेल्डिंगने जोडणं हा तर शुद्ध धोका. जोड टिकला तरी त्याच्या शेजारचं पोलाद ठिसूळ झालेलं असतं.

जोडणी मी घरी केली. पानांमध्ये ग्रॅफाइटचं ग्रीस, नवा सेंटर बोल्ट, नवे यू-बोल्ट, शॅकलला नवे रबरी बुश. बुशचे नट आधी हातानेच लावायचे आणि गाडी चाकांवर उतरवल्यानंतर आवळायचे. गाडी हवेत असताना आवळले तर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. दोनएकशे किलोमीटर झाले की यू-बोल्ट पुन्हा आवळायचे, कारण नवी जोडणी आधी बसते, मग ढिली पडते.

घरी दुरुस्ती करणाऱ्याला हा पट्टा किती सोयीचा आहे, हे दुसरीकडे राहायला गेल्यावर कळावं. बुश लेथवर घासून हवा, तर भोसरीत टर्नर आहे. ८.८ ग्रेडचा बोल्ट हवा की १०.९, असं दुकानदारच उलट विचारतो आणि डोक्यावरचा आकडा दाखवतो. पंप-नोझल तपासणारा वेगळा, रेडिएटरवाला वेगळा, सेल्फ-डायनामोवाला वेगळा. ब्रॅकेटला पावडर कोटिंग करायचं असेल तर एकट्या ब्रॅकेटसाठी भट्टी कुणी पेटवत नाही. कुणाची तरी बॅच लागलेली असते, तिच्या रांगेत आपला तुकडाही हुकाला अडकवून घ्यायचा. मोरवाडीच्या आयटीआयमधून किंवा कंपनीच्या अप्रेंटिसशिपमधून बाहेर पडलेल्या कितीतरी जणांनी मोठ्या कारखान्याऐवजी असा एखादा गाळा धरला. मापाची शिस्त ते कारखान्याची वापरतात, फक्त गिऱ्हाईक दारात उभं असतं.

जुन्या सुट्या भागांसाठी लोक कुदळवाडीला जात. फेब्रुवारी २०२५ मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेने चिखली-कुदळवाडी परिसरातली हजारो अनधिकृत बांधकामं पाडली, त्यात भंगाराची गोदामं होती आणि लहान वर्कशॉपही. तिथलं प्रदूषण आणि वारंवार लागणाऱ्या आगी खऱ्या होत्या. जुन्या गाडीचा दरवाजा किंवा काच शोधत फिरावं लागतं, हेही आता खरं आहे.

बदलांपैकी मी केले ते थोडेच. पहिला दिव्यांचा. इंजिन चालू असताना बॅटरीवर १४ व्होल्ट आणि दिव्याच्या टोकाशी १२ पेक्षाही कमी, असं मीटरने दाखवलं. मधले व्होल्ट जुनी तार आणि स्विच खात होते. यावर अनेक जण ६० वॉटऐवजी १०० वॉटचा बल्ब लावतात. त्याने करंट पाच अँपिअरवरून आठच्या पुढे जातो, होल्डर वितळतो, स्विच जळतो. त्याऐवजी बॅटरीपासून फ्यूज लावून जाड तार घेतली, मध्ये रिले बसवला, आणि जुन्या स्विचला फक्त रिले चालवायचं काम ठेवलं. बल्ब तोच राहिला, उजेड वाढला.

दुसरा बदल हौद्याचा. इथे सगळे चेकर प्लेट टाकून घ्यायला सांगतात. तीन मिलिमीटरच्या लोखंडी पत्र्याचं वजन चौरस मीटरला साडेतेवीस किलो. चार चौरस मीटरचा तळ धरला तर जवळजवळ शंभर किलो, आणि तेवढा माल कमी. मी वॉटरप्रूफ प्लायवर जाड रबर अंथरलं. क्रेट बांधायला कड्या बसवल्या. त्यासाठी भोकं पाडली ती हौद्याच्या आडव्या पट्ट्यांना, चासीला नाही. चासीच्या वरच्या-खालच्या कडेला भोक पाडायचं नसतं, सगळ्यात जास्त ताण तिथेच असतो. त्याच कारणाने चासीला वेल्डिंगही टाळायचं. हौद्याला वेल्डिंग करतानाही आधी बॅटरीची वायर काढायची, नाहीतर अल्टरनेटर जातो.

काय करायचं नाही, हे कायद्यानेही सांगून ठेवलंय. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीच्या मूळ रचनेत मनाने बदल करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. पुढच्या लोखंडी गार्डवर केंद्राने डिसेंबर २०१७ मध्येच बंदीची सूचना काढली. जादा मालाला वीस हजार रुपये, आणि वर प्रत्येक जादा टनाला दोन हजार. आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीला दरवर्षी फिटनेस करून घ्यावं लागतं. पण वर्षातून एका दिवसापुरतं सरळ उभं राहायला शिकलेल्या गाड्या नाशिक रस्त्यावर पुष्कळ आहेत, आणि चाकणच्या तळेगाव चौकाच्या कोंडीत त्यांच्यामागे आपलीच दुचाकी असते.

माझा निष्कर्ष सोपा आहे. ज्या कामाने गाडी मूळ मापाला परत येते, ते मनसोक्त करावं. जो बदल उद्या चार बोल्ट सोडून काढून टाकता येतो, तोही करावा. वजन, ब्रेक आणि चासी यांचे आकडे मात्र ज्यांनी गाडी आखली त्यांचेच ठेवावेत. आणि गाडी बसते म्हणून पाटेवाल्याकडे जाण्याआधी ती भरलेली असताना एकदा वजनकाट्यावर न्यावी. आधी पूर्ण गाडी, मग फक्त मागची चाकं काट्यावर घ्यावीत. पावतीवरचा आकडा आरसी बुकातल्या एकूण वजनाशी ताडून पाहावा. तो जास्त निघाला, तर पान वाढवू नये, खेप वाढवावी.